पहिलं पाऊल टाकण्याआधी

पलंगाच्या कडेला बसा.

घाई नाही. पाय खाली सैल सोडा. लादीला अजून टेकवू नका.

खिडकीबाहेर अंधार आहे. डोंबिवलीत या वेळी लोकलचा आवाज लांबून येतो, जवळ येतो, आणि कल्याणच्या दिशेने विरत जातो. जाऊ द्या तिला. आत्ता कुठलीच गाडी पकडायची नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता एक पाय उचला. जो जास्त दुखतो तो. दुसऱ्या मांडीवर आडवा ठेवा. गुडघा तेवढा वळत नसेल तर समोर स्टूल ओढा, त्यावर ठेवा. पायापर्यंत हात पोचला की पुरे.

पाहा.

चोळू नका. दाबू नका. नुसतं पाहा.

चेहरा रोज आरशात दिसतो. गुडघ्याची चौकशी नातेवाईकही करतात. पावलाकडे कोण बघतं? ते दिवसभर चपलेत असतं, रात्री चादरीत असतं. दुखेपर्यंत त्याची आठवण होत नाही.

टाच पाहा. तिच्या भेगा पाहा. चवडा पाहा, बोटांच्या मुळाशी असतो तो रुंद भाग. अंगठ्याच्या कडेला हाड बाहेर आलं आहे का? बोटं एकमेकांवर चढली आहेत का? चपलेच्या पट्ट्याखालची फिकट राहिलेली कातडी पाहा.

एवढ्याशा जागेत २६ हाडं आहेत. ३३ सांधे आहेत. अख्ख्या शरीरात २०६ हाडं, आणि त्यातली ५२ दोन पावलांत. चौथा हिस्सा इथे, जमिनीलगत.

थांबा. एक श्वास.

आता तळहात घोट्याभोवती ठेवा. अलगद.

आतल्या बाजूला एक उंचवटा लागतो. बाहेरच्या बाजूला दुसरा, थोडा खाली. ही नडगीच्या दोन हाडांची टोकं आहेत. या दोन टोकांच्या मधे, तुमच्या तळहाताच्या आत, एक हाड बसलेलं आहे. डॉक्टर त्याला टॅलस म्हणतात. ते दिसत नाही. हाताला नीट लागतही नाही.

आपण या हाडापाशी थांबणार आहोत.

त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. ते स्वतःहून हलत नाही. वरून शरीराचा भार येतो, खालून जमीन येते, आणि मधे ते असतं. चालताना प्रत्येक पावलाला या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट भार पडतो. माणूस ६० किलोंचा असेल तर २४० ते ३०० किलो. एका पावलाला. मग दुसऱ्या पावलाला. मग तिसऱ्या.

हात तिथेच राहू द्या.

तळहाताची ऊब आत जाऊ द्या. घोटा गार आहे की गरम? दोन्ही घोट्यांना हात लावून पाहा. एक दुसऱ्याहून गरम आहे का?

उत्तर लगेच नको. हात ठेवून बसा. उत्तर आपोआप येतं.

या हाडाचा अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने मढलेला आहे. पांढरी, गुळगुळीत, जेमतेम एक ते दोन मिलिमीटर जाडीची कूर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नाही. तिच्यात मज्जातंतू नाही. रक्त तिच्यापर्यंत पोचत नाही, मग ती जगते कशावर?

पाऊल टेकतं, भार पडतो, कूर्चा दाबली जाते. पाऊल उचललं जातं, भार हटतो, आणि ती पिळून सोडलेल्या स्पंजासारखी सांध्यातला द्रव पुन्हा आत घेते. त्या द्रवात तिचं अन्न असतं.

दाब. सुटका. दाब. सुटका.

श्वासही तसाच चालू आहे. पाहा. आत. बाहेर.

नुसताच दाब असेल, तासन्‌तास एका जागी उभं राहणं असेल, तर कूर्चेची उपासमार होते. नुसतीच सुटका असेल, दिवसचे दिवस अंथरुणात पडून राहणं असेल, तरीही होते. संधिवात झाला की घरचे मायेने सांगतात, ‘आता पाय हलवूच नका.’ माया खरी आहे. सल्ला मात्र सांध्याला उपाशी ठेवणारा आहे. सूज भडकली असेल तेव्हा दोन दिवस विश्रांती हवी. कायमची नको.

पुन्हा घोट्याकडे या.

सकाळी तो आखडलेला का असतो? रात्रभर हालचाल नव्हती. द्रव फिरला नाही. सांध्याभोवतीचं सगळं ताठरलं आहे.

समोर घड्याळ असेल तर एकदा पाहा. किती वाजले ते लक्षात ठेवा. मग विसरून जा. घोटा मोकळा झाला असं वाटेल तेव्हा पुन्हा पाहायचं आहे.

कूर्चेच्या झिजेचा संधिवात असेल तर ही आखड बहुधा अर्ध्या तासाच्या आत सैल होते. चहा उकळेपर्यंत, पेपर दारात येईपर्यंत. एक तास उलटला, अंघोळ झाली, तरी पाय उघडत नसेल, तर गोष्ट वेगळी असू शकते. ती पुढे पाहू.

आत्ता घोटा पाहा.

डोळे मिटलेत तरी चालेल.

त्याला विचारा, पूर्वी कधी काही झालं होतं का?

आठवण वर येऊ द्या. पावसाळ्यातला ओला जिना. चालत्या लोकलमधून ठाण्याला मारलेली उडी. शाळेतली कबड्डी. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मुरगळलेला पाय, वर बांधलेलं क्रेप बँडेज, हळद-तुरटीचा लेप, आणि चार दिवसांनी पुन्हा कामावर.

गुडघा बहुतेकदा वयाबरोबर झिजतो. घोट्याचं तसं नाही. घोट्यातल्या झिजेच्या बहुसंख्य रुग्णांत मूळ जुन्या दुखापतीत असतं. एखादं हाड मोडलेलं असतं, किंवा पाय पुन्हा पुन्हा मुरगळलेला असतो. हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल राहतात, टॅलस केसभर सरकून बसतो, भार एकाच कोपऱ्यावर पडत राहतो. दुखणं येतं ते दहा-वीस वर्षांनी.

आणि रोजचा उभ्याने केलेला प्रवासही आठवा. १६ एप्रिल १८५३ला मुंबईच्या बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या किती पिढ्यांनी उभ्याने प्रवास केला असेल. एका पायावर भार, मग दुसऱ्या पायावर. दांडी धरलेली, खाली पाऊल ठेवायला वीतभर जागा. कल्याणहून मुंबईपर्यंत तासाहून अधिक.

हे पाऊल त्या पावलांतलंच एक आहे.

त्याच्यावर रागावू नका. हात ठेवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता दुसरा पाय.

तोही तसाच उचला. तसाच पाहा. घाईने दोघांची तुलना करू नका. आधी त्याचं त्याला पाहा.

चवड्याखाली, बोटांच्या मुळाशी, अंगठ्याने हलकेच दाबा. एका बोटाखाली, मग पुढच्या. दुखतं का? दोन्ही पावलांना त्याच जागी दुखतं का? सकाळी लादीवर उभं राहिलं की गोट्यांवर उभं असल्याचा भास होतो का? हातांची बोटंही सकाळी मिटत नाहीत का?

दोन्ही बाजू, लहान सांधे, तासाहून लांबलेली आखड. हे आमवाताकडे, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसकडे बोट दाखवतं. तिथे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन-तीन पट जास्त आढळतो. आणि कितीतरी जणींच्या बाबतीत तो पहिल्यांदा पावलांतच बोलतो. पाऊल दाखवायचा संकोच, म्हणून ते दाखवायचं राहून जातं.

राहू देऊ नका. मला हे फार कळकळीने सांगायचं आहे. आमवातात सुरुवातीचे महिने मोलाचे असतात. वेळेवर औषध मिळालं तर सांधे वाचतात. मेथोट्रेक्झेट हे त्यातलं नेहमीचं औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवा. मोठ्या अक्षरात.

एक श्वास.

पुणे जिल्ह्यात भिगवण नावाचं गाव आहे. १९९६मध्ये तिथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं, काय दुखतं? कुठे दुखतं? शंभरातल्या साधारण अठरा जणांना सांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. कोणीतरी दारात येऊन विचारलं, म्हणून ते कळलं.

तुमच्या दारात आज तुम्हीच आला आहात. विचारा.

अंगठ्याच्या मुळाला विचारा. रात्री अचानक लाल होऊन सुजतो का, इतका की चादरीचा स्पर्शही सोसवत नाही? हा बहुधा गाऊट, युरिक ॲसिडचे स्फटिक.

तापाला विचारा. चिकुनगुन्या होऊन गेला का? २००६च्या साथीनंतर महाराष्ट्रात घरोघरी माणसं कित्येक महिने घोटे धरून चालत होती.

साखरेला विचारा. मधुमेह आहे, घोटा गरम आहे, सुजलेला आहे, आणि तरी फारसा दुखत नाही? हे न दुखणं सगळ्यांत काळजीचं. त्या पावलावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सांधा लालबुंद, सोबत ताप आणि थंडी, असं असेल तर तेव्हाही वाट पाहू नका.

बाकीच्यांनी बसा. आपल्याला अजून वेळ आहे.

दोन्ही पाय पुन्हा खाली सैल सोडा.

आता दुखरा पाय पुढे थोडा उचला. गुडघा स्थिर. मांडी स्थिर. हलणार आहे तो फक्त घोटा.

अंगठा म्हणजे लेखणी. समोरची हवा म्हणजे पाटी.

‘अ’ काढा.

मोठा काढा. हळू काढा. आधी डावीकडचा वाक, मग मधली आडवी रेघ, मग खाली येणारा काना, मग वरची शिरोरेषा. घोटा कुठे अडतो? शिरोरेषा ओढताना का? काना खाली आणताना का?

अडला तिथे ढकलू नका. तिथेच थांबा. श्वास सोडा. मग पुढे.

‘आ’.

‘इ’. इथे घोट्याला दोनदा वळावं लागतं. एकदा आत, एकदा बाहेर. पाऊल वर-खाली करणं हे घोट्याच्या मुख्य सांध्याचं काम. आत-बाहेर वळणं बहुतांशी टॅलसच्या खालच्या सांध्याचं. सपाट लादीवर बरं वाटतं आणि डोंबिवलीच्या फडके रोडच्या खाचखळग्यांत कळ येते असं होत असेल, तर ‘इ’ काढताना ती कळ सापडते का पाहा. कुठल्या वळणाला सापडते, तेही पाहा. डॉक्टरांना हे सांगता आलं तर त्यांना जागा शोधायला सोपं जातं.

‘ई’. ‘उ’. ‘ऊ’.

स्वर झाले की थांबा. पाय खाली. दुसरा पाय वर. त्यालाही लिहू द्या.

काही दिवसांनी बाराखडी. कधीतरी ‘ळ’ही. ‘ळ’ अवघड आहे, दोन्ही बाजूंना गोल आहे. त्याची घाई नाही.

व्यायामानंतर थोडं दुखलं तर भिऊ नका. दोन तासांनीही वाढलेलं दुखणं उतरत नसेल, तर उद्या दोन अक्षरं कमी. इतकंच.

आता पंचा घ्या. पलंगावर पाय लांब करा. पंचा चवड्यामागून घाला, दोन्ही टोकं हातात धरा, आणि आपल्याकडे ओढा. हळू. पोटरी ताणली जाते. टाचेमागची जाड दोरी ताणली जाते. तीस मोजेपर्यंत धरा.

मोजणं मनात. श्वास रोखू नका.

सोडा.

पुन्हा एकदा. धरा. सोडा.

आता जमिनीकडे पाहा.

लादी. गार, गुळगुळीत, टणक. आपल्या घरांत चप्पल दाराबाहेर राहते आणि पाऊल उघडं लादीवर पडतं. टाचेखालची गादी वयाबरोबर पातळ होते, चवड्याखालची हाडं लागू लागतात, आणि लादी प्रत्येक पावलाचा धक्का तेवढ्याच जोराने परत देते. अनेकांना, विशेषतः घरातल्या मोठ्या बायकांना, घरात चप्पल घालणं पटत नाही. त्यांचा मान ठेवूनही मला वाटतं, धुतलेला, फक्त घरात वापरायचा, मऊ तळव्याचा एक जोड घरात असावा. देवघरापाशी काढावा. ओट्यापाशी घालावा. पोळ्या होईपर्यंतचा तो पाऊण तास, एका जागी, टणक लादीवर. पावलाला विचारा, तो पाऊण तास कसा जातो?

आता, आत्ता, दोन्ही पावलं खाली टेकवा.

उभं राहू नका. नुसतं टेकवा.

टाच टेकली. बाहेरची कड टेकली. चवडा टेकला. बोटं टेकली.

गारवा वर येतो. येऊ द्या.

एक टाच दाबा. सोडा. दुसरी दाबा. सोडा. आतल्या त्या हाडाची आठवण ठेवा. त्याच्यावरची कूर्चा आता द्रव घेते आहे.

दाब. सुटका.

आता उठा. हाताने पलंगाचा आधार घ्या. दोन्ही पावलांवर उभे राहा. तीन श्वास इथेच.

पहिलं पाऊल.

लहान टाका.

घड्याळ आठवतं? घोटा मोकळा वाटला की पाहा. किती मिनिटं झाली, ते लक्षात ठेवा.

दिवस सुरू होतो. हे लक्ष सोबत घ्या.

स्टेशनच्या पुलापाशी या. मागून गर्दी येते. येऊ द्या. कठड्याची बाजू धरा. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा आधी. काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पायरीवर पूर्ण पाऊल टेकलं का? टेकू द्या. मग पुढची.

फलाटावर उभे आहात. भार एका पायावर गेला आहे का? दुसऱ्यावर आणा. टाचा उचला, टेकवा. कोणाच्या लक्षातही येत नाही. कूर्चेला मात्र द्रव मिळतो.

संध्याकाळी ठाण्यात असाल तर मासुंदा तलावाच्या काठाने चाला. तलावपाळीची वाट सपाट आहे. येऊरच्या डोंगराची चढण आणि त्याहून जास्त उतरण घोट्याला जड जाते, ती पुढे कधीतरी. तलावाला अर्धी फेरी. मग बाकावर बसा. पाण्याकडे पाहा. पाय काय म्हणतात ते ऐका. उरलेली अर्धी फेरी त्यांच्या सांगण्यावर.

नवे बूट घ्यायचे असतील तर तेही संध्याकाळी. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, तेव्हाचं माप खरं. बोटांना पसरायला जागा हवी. अंगठा वर वळत नसेल तर टणक आणि पुढून किंचित वर उचललेला तळवा बरा. पाऊल वळण्याऐवजी बूटच पुढे झुकतो.

घरी आलात. पाय पुन्हा मांडीवर. पुन्हा तळहात.

सकाळसारखा आखडलेला असेल तर कोमट पाण्यात ठेवा. मधुमेह असेल तर पाणी आधी कोपराने तपासा, पावलावर विसंबू नका. दिवसभराने सुजलेला, गरम असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं.

वेदनाशामक गोळी हाताशी आहे. हात थांबवा, एक श्वास. ती कधीतरी लागते, तेव्हा घ्यावीच. पण मेडिकलमधून परस्पर आणून रोज घेतलेली गोळी पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला महागात पडते. रोज लागते आहे, याचा अर्थ दाखवायची वेळ झाली.

वजन थोडं जास्त असेल तर तेही ऐका, अपराधी न वाटता. एक किलो उतरलं तर घोट्यावरून प्रत्येक पावलाला चार-पाच किलो उतरतात.

काही घोटे एवढ्याने बरे होत नाहीत. घोट्याचा पट्टा असतो, सांध्यात इंजेक्शन असतं, सांधा जोडून टाकण्याची किंवा बदलण्याची शस्त्रक्रिया असते. सांधा जोडला की तिथली हालचाल जाते, आणि बहुधा दुखणंही जातं. ज्याने वर्षानुवर्षं प्रत्येक पाऊल दात आवळून टाकलं आहे, त्याला हा सौदा पटतो. हे ठरवायला घाई लागत नाही. बसून ठरवा. घरच्यांशी बोलून ठरवा.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाल, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा घराजवळ, तेव्हा एक कागद न्या. आखड किती मिनिटं टिकली. एक पाय की दोन्ही. कुठल्या अक्षराला घोटा अडला. पूर्वी कधी मुरगळला होता. कुठली औषधं चालू आहेत. एक्स-रे सांगितला तर विचारा, उभं राहून काढायचा का? भार असताना सांध्यातली फट किती उरते, ते झोपून काढलेल्या फोटोत नीट दिसत नाही.

आणि रोजची चप्पल पायात असू द्या, नवी नको. टाचेची कुठली कड जास्त झिजली आहे, ते डॉक्टरांना उलटी करून पाहू द्या.